गिटारच्या फ्रेटची टोकं टोचतात? आधी ओलावा, मग कानस

एप्रिल लागला की ओळखीतली पोरं गिटार घेऊन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. मानेवरून हात खाली-वर सरकवला की कडेला काहीतरी टोचतं. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, ती टोकं असतात. बोटाच्या पेराला ओरखडा येतो, कधी रक्तही येतं. दिवाळीत घेतली तेव्हा असं काही नव्हतं, मग आताच काय झालं? कुणी ठरवून टाकलेलं असतं की दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला. कुणी घरातली कानस घेऊन घासायच्या तयारीत असतो.

दोघांनीही जरा थांबावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे होणारच, आणि घरच्या घरी दुरुस्त करण्यासारखं आहे. फक्त क्रम चुकू नये. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत खेड्यात राहून गिटार शिकणाऱ्यांना जवळपास दुरुस्ती करणारा मिळत नाही. नागपूर किंवा अमरावतीला न्यायची म्हणजे एक दिवस मोडतो, आणि एसटीच्या गर्दीत गिटारची काय दशा होते ते वेगळंच. म्हणून तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं त्यातच काम भागेल, अशा बेताने हे सगळं लिहिलं आहे.

१. का टोचतंय, ते आधी समजून घ्या

उन्हाने धातू फुगतो आणि फ्रेट लांब होतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. फ्रेट बहुतेक वेळा तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. उन्हाळ्याच्या तापाने त्यांची लांबी जेवढी वाढते तेवढी बोटाला कळतही नाही. फ्रेट आहेत तिथेच, आहेत तेवढेच राहतात. आकसतं ते त्यांच्याखालचं लाकूड.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की हेच प्रमाण हळूहळू निम्म्यावर येतं. पाणी गेलं की लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट ज्या लाकडी पट्टीत बसवतात तिच्या, रेषा मानेच्या लांबीत असतात, त्यामुळे त्याची लांबी तशीच राहते आणि रुंदी कमी होते. ५० मिलिमीटर रुंदीचा फ्रेटबोर्ड पाव मिलिमीटर जरी आकसला, तरी दोन्ही कडांना केसाच्या जाडीपेक्षा जास्त धातू बाहेर येतो, आणि बोटाला तेवढा पुरतो. बॉडीच्या बाजूला फ्रेटबोर्ड जास्त रुंद असतो, म्हणून नटजवळच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात ती नट) फ्रेटपेक्षा बॉडीकडचे फ्रेट जास्त टोचतात.

शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात बंडीच्या चाकाचं लाकूड सुकतं आणि लोखंडी धाव ढिली होते. मग चाक पाण्यात घातलं की लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. तिथे कुणी धाव कापायला निघत नाही. गिटारच्या बाबतीतही विचार याच दिशेने करायचा. (गिटार पाण्यात घालायची नाही, हे मात्र सांगून ठेवतो.)

विदर्भात हे जास्त का होतं? एक तर एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. दुसरं म्हणजे पुष्कळ गिटार मुंबई-कोलकात्यासारख्या दमट हवेतल्या शहरांतून येतात. तिथे लाकूड ओलावा धरून असतं, इथे आल्यावर तो सोडतं. त्यात स्वस्त गिटारचं लाकूड अनेकदा नीट सुकवलेलं नसतं, म्हणून पहिल्या उन्हाळ्यातच टोकं बाहेर येतात.

२. दुखणं तेच आहे ना, तपासा

घरात कापूस असेलच. सरकी काढलेल्या कापसाचा सैल पुंजका घ्या आणि मानेच्या दोन्ही कडांवरून नटपासून बॉडीपर्यंत हलक्या हाताने ओढत न्या. ज्या टोकाला तंतू अडकतात ते टोक बाहेर आलेलं आहे. तिथल्या फ्रेटचा नंबर कागदावर लिहून ठेवा. नुसत्या बोटाने अंदाज चुकतो. दहा-बारा टोकं चाचपून झाली की बोट बधिर होतं, कापूस मात्र प्रत्येक वेळी खरं सांगतो.

आता आणखी दोन गोष्टी बघा.

फ्रेट सुटलाय का? आईस्क्रीमच्या लाकडी काडीने फ्रेटचं टोक खाली दाबा. ते हलत असेल, दाबल्यावर खाली जाऊन सोडल्यावर वर येत असेल, तर तो फ्रेट खाचेतून उचलला गेला आहे. हे दुखणं वेगळं आहे आणि त्याचा इलाज आधी करावा लागतो. तो पुढे आठव्या पायरीत सांगितला आहे.

अकूस्टिक गिटार असेल तर बॉडीकडेही नजर टाका. साउंडहोल (बॉडीवरचं गोल भोक) आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) यांच्यामधला वरचा पाट खोलगट दिसतोय का? तारा अचानक फ्रेटबोर्डच्या जवळ येऊन झिणझिणायला लागल्या का? पाटावर केसासारखी बारीक भेग आहे का? यातलं काहीही दिसलं, तर गिटार फार सुकली आहे आणि फ्रेटची टोकं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. चौथ्या आणि पाचव्या पायरीचं काम त्याच दिवशी सुरू करा.

३. बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा

कानस लावण्याआधी कपाटातली कागदांची पिशवी काढा. गिटार नवीन असेल, तर खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि आतल्या लेबलवरचा मॉडेल व सिरियल नंबर एकत्र ठेवा. टोकांचे फोटो काढून दुकानात पाठवा. ऑनलाइन घेतली असेल, तर ऑर्डरचं पान आणि परत करण्याची शेवटची तारीख बघा. काही दुकानं टोकं फुकट घासून देतात. काही म्हणतात की हवेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पण तुम्ही स्वतः कानस लावलीत, की बोलायला जागाच उरत नाही. ओलावा देण्याने मात्र वॉरंटीला काही बाधा येत नाही, तेव्हा दुकानाचं उत्तर येईपर्यंत ते काम सुरू ठेवा.

४. हवेतला ओलावा मोजा

याला डिजिटल हायग्रोमीटर लागतो. पोल्ट्रीवाले अंडी उबवण्याच्या पेटीत जो छोटा मीटर लावतात, तोच चालतो. तो तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो. ऑनलाइन मिळतो आणि फार महाग नसतो.

स्वस्त मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब टाकून ओला गोळा करा. मीठ विरघळता कामा नये, फक्त भिजलं पाहिजे. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवून रात्रभर सोडा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी मीटर ७० दाखवत असेल, तर तो ५ ने कमी दाखवतोय. पुढच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवा.

मग मीटर गिटारच्या बॅगेत ठेवा, खोलीत नको. गिटार ज्या हवेत राहते, तीच मोजायची आहे.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीत, भिंतीला टांगलेल्या गिटारजवळ दुपारी हा मीटर लावून बघा, म्हणजे टोकं का बाहेर आली ते वेगळं विचारावं लागणार नाही.

५. लाकडाला ओलावा परत द्या

खरा इलाज हा आहे, आणि घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. पुष्कळ गिटारांचं काम इथेच संपतं, कानस हातात घ्यावीच लागत नाही.

प्लास्टिकची साबणाची डबी घ्या. झाकणाला गरम सुईने पंधरा-वीस भोकं पाडा. आत स्पंजचा तुकडा बसवा. स्पंज भिजवून चांगला पिळून घ्यायचा. डबी उलटी धरून झटकली तरी थेंब पडता कामा नये. अशा दोन डब्या करा. एक बॅगेत खुंट्यांच्या बाजूला, मानेच्या टोकाशी ठेवा आणि दुसरी मान बॉडीला मिळते तिथल्या खाली. भोकं लाकडाला चिकटणार नाहीत, अशी ठेवा.

जागेचं एवढं सांगायचं कारण म्हणजे साउंडहोलमध्ये टांगायचे तयार ह्युमिडिफायर मिळतात आणि लोक तेवढ्यावर थांबतात. त्याने बॉडीच्या आतल्या लाकडाला ओलावा मिळतो, फ्रेटबोर्डपर्यंत फारसा पोचत नाही. आपलं दुखणं मानेचं आहे, तेव्हा ओलावाही मानेजवळच हवा.

पाणी कोणतं वापरायचं? बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी सगळ्यात चांगलं. पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. दुकानात नीट सांगा, "बॅटरीचं पाणी" पाहिजे, ॲसिड नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं, तर स्पंजवर क्षाराचा थर चढतो आणि तो कडक होऊन काम देत नाही.

कापडी बॅग ओलावा धरत नाही. कडक केस असेल तर उत्तम. नसेल तर गिटार बॅगेसकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नव्या गादीवर जे प्लास्टिक येतं ते या कामाला अगदी योग्य, लांबी पुरते. तोंड दुमडून चिमटे लावा. हे सगळं घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथेच. उन्हाची तिरीप पडते तिथे अजिबात नको, कारण पिशवीच्या आत घाम धरतो आणि लाकडावर पाणी गळतं.

दोन-तीन दिवसांनी एकदा उघडा. मीटर बघा, स्पंज चाचपा, बुरशीचा वास येतोय का तेही पाहा. येत असेल तर स्पंज उकळत्या पाण्यातून काढा किंवा नवा घ्या. आकडा ४५ ते ५० च्या दरम्यान राहायला हवा. ६० च्या वर गेला, तर एक डबी काढून टाका. बाजारात आर्द्रता ४९ टक्क्यांवर धरून ठेवणारी तयार पाकिटंही मिळतात. ती ओलावा देतात आणि जास्त झालेला घेतातही. सोय चांगली आहे, पण आपल्या उन्हाळ्यात साध्या कापडी बॅगेत ती लवकर कडक होऊन जातात. बंद केस नसेल तर पैसे वाया जातील.

निदान दोन आठवडे द्या, तीन दिले तर आणखी बरं. हवा एका रात्रीत दमट होते, लाकूड होत नाही. मानेच्या मागच्या बाजूला लॅकर (वार्निशसारखा थर) असतो, त्यामुळे ओलावा मुख्यतः फ्रेटबोर्डच्या उघड्या पृष्ठभागातूनच आत जातो, आणि हळू जातो. लवकर व्हावं म्हणून ओलं फडकं फ्रेटबोर्डवर गुंडाळणं ही सगळ्यात वाईट युक्ती. वरचा थर फुगतो, आतला कोरडाच राहतो आणि फ्रेट खाचेतून उचलले जातात.

कूलरबद्दल सगळे विचारतात. कूलर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता वाढते, तेव्हा तो गिटारचा शत्रू नाही. अडचण चढ-उताराची आहे. रात्रभर कूलरची दमट हवा, सकाळी लाइट गेली की चार तास भट्टी, संध्याकाळी पुन्हा दमट. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर ठेवलेल्या गिटारच्या तारा आणि खुंट्या गंजतात ते वेगळंच. वाजवून झाली की गिटार केसमध्ये किंवा पिशवीत गेली पाहिजे.

६. घासायचं की थांबायचं, ते ठरवा

आता पुन्हा कापूस फिरवा आणि आधीच्या यादीशी ताडून बघा.

टोकं पूर्ण आत गेली असतील, तर काम झालं. सरळ शेवटच्या पायरीवर जा.

काही टोकं अजून अडकत असतील, तर तेवढीच घासायची. त्यासाठी मीटरचा आकडा ४० ते ५० मध्ये असलेले मेचे दिवसच बरे. श्रावणात लाकूड फुगलेलं असतं, टोकं दिसत नाहीत. तेव्हा कड घासून काढली, तर लाकूडच घासलं जाईल आणि पुढच्या मेमध्ये टोकं पुन्हा बाहेर येतील. उलट ठणठणीत सुकलेल्या गिटारवर घासलं, तर गरज नसताना धातू जातो. गेलेला धातू परत येत नाही.

पुढच्या गिटारना मात्र घरी कानस लावू नका:

- फ्रेटबोर्डच्या कडेला प्लास्टिकची पांढरी किंवा काळी पट्टी, म्हणजे बाइंडिंग असेल आणि ती फ्रेटजवळ तडकली किंवा सुटली असेल.
- फिकट मेपलचा, लॅकर केलेला फ्रेटबोर्ड असेल आणि टोकांजवळ लॅकरचे टवके निघत असतील.
- पाटाला भेग असेल किंवा ब्रिज उचलला असेल.

ही कामं शिकलेल्या माणसाच्या हातची आहेत. तोवर ओलावा द्या, आणि नागपूरला जाणं होईल तेव्हा घेऊन जा.

७. सामान जमवा

- चपटी, बारीक दात्यांची कानस, आठ इंची. दुकानात "स्मूथ" मागा, भरड नको.
- छोटी तीनधारी कानस. सुतार करवतीला धार लावतात तीच. शक्य तेवढी बारीक घ्या.
- मास्किंग टेप. गाडी रंगवणाऱ्यांकडे किंवा पेंटच्या दुकानात मिळतो. खाकी पॅकिंग टेप नको, तो लॅकर उपटतो.
- वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि मिळाला तर २००० नंबरचा.
- काळा परमनंट मार्कर, खोडरबर, आईस्क्रीमच्या काड्या.
- जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, बॉडी झाकायला.
- मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि जुनं सुती कापड.
- नव्या तारांचा संच, चष्मा, तोंडाला बांधायला दुपट्टा.

तीनधारी कानशीवर आधी थोडी मेहनत करावी लागते. तिच्या तिन्ही धारा तीक्ष्ण असतात आणि फ्रेटशेजारच्या लाकडात खाच पाडतात. वेल्डिंगवाल्याकडच्या ग्राइंडरवर किंवा धार लावायच्या दगडावर त्या घासून गुळगुळीत, गोल करून घ्या. सपाट बाजूंचे दाते राहू द्या, फक्त धारा जाऊ द्या. धार बोटावरून ओढली आणि ती लागली नाही, म्हणजे कानस तयार. यावाचून दहावी पायरी सुरूच करू नका.

८. गिटार तयार करा

तारा ढिल्या करून काढून टाका. खाटेवर किंवा टेबलावर गोधडी अंथरा, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल द्या. मान हलता कामा नये.

सुटलेला फ्रेट असेल तर आता बसवा. दोन्ही बाजूंच्या लाकडाला फ्रेटला चिकटून टेप लावा. फ्रेटच्या टोकाशी पातळ सुपरग्लूचा एकच छोटा थेंब सोडा, तो स्वतः खाचेत ओढला जातो. लगेच लाकडाच्या तुकड्याने टोक खाली दाबून धरा. चिकटेपर्यंत हात काढू नका. ओघळलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसू नका, टेपबरोबर निघून येईल.

मग टेप लावायचं काम. दोन फ्रेटमधल्या प्रत्येक लाकडी भागावर आणि मानेच्या दोन्ही कडांवर, टोकांच्या लगेच खाली. बॉडीचा वरचा पाट पुठ्ठ्याने झाका. नटवर टेपचे दोन थर द्या, कानस चुकून आदळली तर नटाची कपची उडते. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज टिपणारे चुंबकी भाग, पूर्ण झाका. त्यांतली चुंबकं लोखंडाचा कण न् कण ओढून घेतात, आणि कानशीची धूळ एकदा आत गेली की काढता येत नाही. तारेची लोकर (स्टील वूल) वापरायची नाही, तीही याच कारणाने.

शेवटी बाहेर आलेल्या प्रत्येक टोकाला काळा मार्कर लावा. कानस कुठे लागतेय आणि कुठे नाही, ते यावरून दिसतं.

९. टोकं कडेला मिळवा

चपटी कानस मानेच्या कडेला सपाट टेकवा. एकाच वेळी चार-पाच फ्रेट तिच्याखाली आले पाहिजेत. आता मानेच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने ढकला. परत आणताना उचलून आणा. दाब देऊ नका, कानशीचं स्वतःचं वजन पुरतं.

सुरुवातीला प्रत्येक टोकावर खट-खट लागतं आणि खरखर मोठी येते. टोकं कडेशी मिळत आली की आवाज मऊ होतो, हाताला अडथळा कमी लागतो. टेपवर पहिला ओरखडा दिसला की थांबा. मार्करची काळी खूण निघून गेलेली असेल, धातू चमकत असेल आणि लाकूड शाबूत असेल, तर बरोबर झालं.

कंपनीतून आलेल्या फ्रेटची टोकं वरून उतरती कापलेली असतात, उभ्या रेषेपासून साधारण ३० ते ३५ अंश कलती. हा उतार वाढवायचा मोह होतो, कारण हाताला मऊ लागतं. वाढवू नका. फ्रेटची वाजवण्याजोगी रुंदी कमी होते आणि सगळ्यात बारीक तार दाबताना कडेवरून घसरायला लागते. आहे तोच उतार ठेवून फक्त बाहेर आलेला भाग घालवायचा.

बॉडीवरच्या फ्रेटपर्यंत लांब कानस पोचत नाही. तिथे आईस्क्रीमच्या काडीला ४०० नंबरचा पेपर चिकटवून घासा. वेळ लागतो, लागू द्या.

१०. कोपरे मोडा

टोक कडेला मिळालं म्हणजे टोचणं थांबलं, असं नाही. उलट घासून झाल्यावर काही वेळा जास्तच टोचतं, कारण आता प्रत्येक टोकाला दोन ताजे, तीक्ष्ण कोपरे तयार झालेले असतात. एक नटच्या बाजूचा, एक ब्रिजच्या बाजूचा. वीस फ्रेटच्या गिटारला चाळीस टोकं आणि ऐंशी कोपरे. हात खरा इथे बसतो, आणि चांगल्या गिटारची मान हाताला लोण्यासारखी का लागते, तेही इथेच कळतं.

तीनधारी कानशीची गुळगुळीत धार टेपवर टेकवा, दात्यांची एक बाजू फ्रेटच्या कोपऱ्याला लागू द्या. फ्रेटच्या माथ्याकडून सुरुवात करून कोपऱ्याभोवती मनगट वळवत खाली, मानेच्या कडेकडे या. एकच लांब, वळता फटका. प्रत्येक कोपऱ्याला दोन किंवा तीन फटके बस्स. मग दुसरा कोपरा. एका टोकावर रेंगाळत बसलात, तर ते शेजारच्यापेक्षा लहान होईल आणि तार लावल्यावर फरक डोळ्यांना खुपेल. सगळ्या टोकांवर एक फेरी पूर्ण करा, चहा घ्या, मग बोटाने तपासून जिथे गरज असेल तिथे दुसरी फेरी.

आता एक जागा अशी, जी जवळजवळ सगळेच विसरतात. टोकाच्या अगदी तळाशी, धातू लाकडाला भेटतो तिथे, कानशीने धातूची पातळ कोर उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. ४०० च्या पेपरची घडी घालून तिच्या काठाने ती कोर पुसून काढा. "सगळं घासलं तरी टोचतंच" असं कुणी म्हटलं, की बहुतेक वेळा दोष या कोरेचा असतो.

काम दिवसाच्या उजेडात करा, खिडकीजवळ, सकाळी. लाइट जाण्यावर काम अडत नाही आणि कोपऱ्यावरची चमक नीट दिसते.

११. गुळगुळीत करा, साफ करा, तेल द्या

खोडरबरला वॉटर पेपर गुंडाळून टोकांवरून ४००, मग ६००, मग १००० फिरवा. पेपर कोरडाच वापरा. २००० असेल तर तोही. कापूस पुन्हा ओढून बघा, एकही तंतू अडकता कामा नये.

धूळ फुंकू नका, ती डोळ्यात आणि पिकअपमध्ये जाते. टेपचा चिकट तुकडा दाबून-दाबून कण उचला, मग ओलसर फडक्याने पुसा. सगळ्यात शेवटी मास्किंग टेप काढा. पातळ कोन करून, हळू.

फ्रेटबोर्ड शिसमाचा किंवा दुसऱ्या गडद, लॅकर नसलेल्या लाकडाचा असेल, तर कापडावर लिक्विड पॅराफिनचे चार-पाच थेंब घेऊन पातळ हात फिरवा. दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून टाका. तेलाने लाकडात पाणी जात नाही, हे लक्षात असू द्या. आत असलेलं पाणी थोडं हळू निघतं, एवढाच त्याचा उपयोग. म्हणून तेल लावलं तरी पाचवी पायरी सुटत नाही. लॅकर केलेल्या मेपलवर तेलाची गरज नाही.

खोबरेल, तीळ, शेंगदाणा यांतलं काही लावू नका. ही तेलं काही महिन्यांत खवट आणि चिकट होतात. घरात जवस पिकतो म्हणून जवसाचं तेलही नको. ते सुकून तारांखाली थर धरतं, आणि त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ४५ अंशांच्या दुपारी गोठ्याच्या कोपऱ्यात अशी चिंधी पडून राहणं फार धोक्याचं.

नव्या तारा चढवा, सुरात आणा आणि एक रात्र जाऊ द्या. मान ताणाला बसली की दुसऱ्या दिवशी सूर पुन्हा लावा.

१२. पुढचं वर्षभर

होळी झाली की साबणाच्या डब्या बॅगेत गेल्या पाहिजेत. टोकं बाहेर येण्याची वाट बघू नका. नवतपात आठवड्यातून दोनदा स्पंज बघा, एरवी एकदा पुरे. गिटार लोखंडी कपाटावर, टिनाच्या छपराजवळ ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही, तिथल्या उष्णतेने ब्रिजखालचा सरस मऊ पडतो.

मृग बरसला की डब्या काढा. आषाढ-श्रावणात आर्द्रता ८० च्या वर जाते, तेव्हा उलट काळजी घ्यावी लागते. पाट फुगतो, तारा उंच होतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मीटर ५५ च्या खाली येतोय का बघत राहा. दिवाळीनंतरची थंडीही कोरडी असते, त्या दिवसांत एक डबी पुरते.

दुसऱ्या उन्हाळ्यात कापूस पुन्हा एकदा फिरवा. नीट न सुकवलेलं लाकूड असेल, तर दोन-चार टोकं परत अडकतील. तेवढ्याच टोकांवर नववी आणि दहावी पायरी करा, बाकीच्यांना हात लावू नका. कानशी तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवल्या असतील, तर पावसाळ्यात गंजणार नाहीत आणि तेव्हाही कामाला येतील.